दानिएल व त्याचे सहचर

दानिएल व त्याचे सहचर : बॅबिलोनियाचा सम्राट दुसरा नेबुकॅड्‌नेझर (कार. इ. स. पू. ६०५–५६२) याच्या दरबारात सेवेसाठी निवडलेले जुडा राज्यातील चार तरुण. बायबलच्या जुन्या करारातील दानिएलचा ग्रंथ हा त्यांच्याविषयीच्या माहितीचा प्रमुख आधार होय. दानिएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या अशी त्यांची मूळ नावे असून दरबारात त्यांना अनुक्रमे बेल्टशस्सर, शद्रख, मेशख व अबेद्‌नगो ही नावे देण्यात आली. परक्या राजाची चाकरी पतकरूनही स्वधर्म न सोडणाऱ्या निर्वासितांचे आदर्श म्हणून ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांत त्यांना मान आहे. कथेतील सर्वच तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत. तथापि ती ज्या परिस्थितीतून निर्माण झाली, ती परिस्थिती मात्र उत्खननांत सापडलेल्या इष्टिकालेखांवरून पुष्कळशी स्पष्ट झाली आहे.

इ. स. पू. ६०५ मध्ये कार्केमिशच्या लढाईत नेबुकॅड्‌नेझरने ईजिप्तच्या सैन्याचा पराभव केला आणि सिरिया-पॅलेस्टाइनचा प्रदेश बॅबिलोनियाच्या वर्चस्वाखाली आला. ईजिप्त आणि बॅबिलोनिया या दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या जुडाच्या राजांनी कधी एकीची, तर कधी दुसरीची कास धरली. यहोयाकीम (कार. इ. स. पू. ६०९–५९८) याने बॅबिलोनियाची खंडणी थांबविली, त्याचे फळ त्याच्या मुलाला भोगावे लागले. इ. स. पू. ५९७ च्या मार्चमध्ये जेरूसलेम पडले. ‘बॅबिलोनियन बखर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इष्टिकालेखात नेबुकॅड्‌नेझरच्या सातव्या वर्षी अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते शहर घेतल्याची, तेथील राजास कैद केल्याची व आपल्या पसंतीचा दुसरा राजा तेथे बसविल्याची नोंद आहे. कैद झालेला राजा म्हणजे यहोयाकीमचा मुलगा यहोयाखीन. त्याचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते आणि त्याला गादीवर येऊन अवघे तीन महिने झाले होते. दहा वर्षांनंतर जुडाने पुन्हा बंड केले. तेव्हा शहर उद्ध्वस्त झाले, मंदिर जाळले गेले आणि राज्य संपुष्टात आले.

निर्वासित किती होते, याबाबत बायबलमध्येच एकवाक्यता नाही. ‘राजे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात पहिल्या खेपेस दहा हजार लोक नेल्याचे म्हटले आहे, तर यिर्मयाच्या ग्रंथाच्या अखेरीस तीन खेपांचे आकडे ३,०२३, ८३२ व ७४५, म्हणजे एकूण ४,६०० असे दिले आहेत. संख्येपेक्षा निवडीचे धोरण महत्त्वाचे होते. राजघराणे, सरदार, लढवय्ये, सुतार व लोहार यांना नेण्यात आले. गोरगरीब शेतकऱ्यांना मागे ठेवले. पराभूत देशातील कर्ती माणसे काढून घेतली, की तेथे बंडाला पुढारी उरत नाहीत आणि राजधानीला कुशल हात मिळतात, असा हा दुहेरी हिशेब होता. कुलीन घराण्यांतील देखण्या, निर्व्यंग व बुद्धिमान मुलांना राजवाड्यात शिकवून तयार करणे, हा त्या हिशेबाचाच एक भाग होय.

रोबेर्ट कोल्डेव्हाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ ते १९१७ या काळात बॅबिलन येथे उत्खनन केले. तेथील दक्षिण राजवाड्यात त्याला एक कमानदार तळघर आढळले. प्रसिद्ध झुलत्या बागांचा पाया तो हाच, असे त्याने मानले. बाग तेथे असो वा नसो, पण त्या ठिकाणी शिधावाटपाच्या नोंदींचे इष्टिकालेख मिळाले आणि त्यांतील काही १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. नेबुकॅड्‌नेझरच्या कारकीर्दीतील या नोंदींत ‘याहुदचा राजा’ यहोयाखीन व त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाचा उल्लेख आहे. कैदेतही त्याला राजा ही उपाधी चालू होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राजाला दहा सिला (एक सिला सुमारे एक लिटर), तर पाच राजपुत्रांना मिळून अडीच सिला तेल मिळे. म्हणजे प्रत्येकी अर्धा सिला. त्याच याद्यांत सात ग्रीक सुतारांना साडेतीन सिला दिल्याची नोंद आहे. जेरूसलेमच्या राजपुत्राचा आणि परदेशी सुताराचा वाटा अशा रीतीने एकच होता. अ‍ॅस्कलॉन, टायर, बिब्लॉस, अर्वाद, ईजिप्त, लिडिया, मीडिया व इराण येथील माणसेही या शिध्यावर जगत होती. दानिएल व त्याचे सहचर यांची नावे या लेखांत नाहीत. परंतु राजाच्या कोठारातून रोजचे अन्न घेणारे परदेशी तरुण ही कविकल्पना नव्हती, एवढे त्यांवरून निश्चित होते. नेबुकॅड्‌नेझरचा वारस अमेल-मार्दुक (कार. इ. स. पू. ५६२–५६०) याने यहोयाखीनला निर्वासनाच्या सदतिसाव्या वर्षी बंदिवासातून मुक्त केले आणि पुढे तो आमरण राजाच्या पंक्तीस जेवत असे, असे बायबल सांगते.

दानिएलच्या ग्रंथाचा पहिला अध्याय या पंक्तीपासूनच सुरू होतो. खोजांचा प्रमुख अश्पनज याने चौघांना निवडले. तीन वर्षे त्यांना खाल्डियन लोकांची विद्या व भाषा शिकवावी आणि राजाच्या मुदपाकखान्यातील पक्वान्ने व मद्य नित्य पुरवावे, अशी आज्ञा होती. अश्पनजचे पद काल्पनिक नाही. ‘खोजांचा प्रमुख’ ही पदवी धारण करणाऱ्या एका अधिकाऱ्याने इ. स. पू. ५९५ मध्ये बॅबिलनच्या एका मंदिराला सोने अर्पण केल्याची नोंद असलेला इष्टिकालेख २००७ मध्ये ब्रिटिश म्यूझीयमच्या संग्रहात ओळखला गेला आणि त्यातील अधिकाऱ्याचे नाव यिर्मयाच्या ग्रंथात आलेल्या नावाशी जुळते. अशा अधिकाऱ्याच्या हाताखालील मुलांना खोजे करण्यात आले होते काय, हा प्रश्न प्राचीन काळापासून विचारला गेला आहे. दानिएलचा ग्रंथ त्याविषयी मौन पाळतो. यशयाच्या ग्रंथात मात्र जुडाच्या राजवंशातील काही मुलगे बॅबिलनच्या राजवाड्यात खोजे होतील असे भाकीत असून तलमुदमध्ये या प्रश्नाची चर्चा आढळते. कथेच्या वाचकाला चार तेजस्वी विद्यार्थी दिसतात. त्यांच्यावर कोसळलेल्या आपत्तीचे हे अंग सहसा नजरेआड राहते.

खाल्डियन विद्या म्हणजे काय, हे आता बरेच कळले आहे. अक्कडियन भाषा व कीलाक्षर लिपी यांचा अभ्यास चिन्हांच्या व शब्दांच्या याद्या पाठ करण्यापासून सुरू होई. पुढे शकुनशास्त्र येई. ग्रहनक्षत्रे, ग्रहणे व हवामान यांवरून राजा आणि राज्य यांचे भवितव्य सांगणारी एनूमा अनू एन्‌लिल ही मालिकाच सुमारे सत्तर इष्टिकालेखांची होती; त्याखेरीज स्वप्ने आणि बळी दिलेल्या पशूचे यकृत यांवरून भाकीत करण्याचे स्वतंत्र ग्रंथ होते. याहवेच्या उपासकांना वर्ज्य असलेली अशी ही विद्या होती. तरीही चौघांनी तिला नकार दिल्याचे ग्रंथ म्हणत नाही. उलट ते तीत राज्यातील सर्व ज्योतिषी व मांत्रिक यांच्यापेक्षा दहापट सरस ठरले, असे अभिमानाने नमूद करतो. अर्थात, परकीय तरुणांना प्रत्यक्षात बहुधा दुसरेच काम मिळत असावे. बॅबिलोनियाच्या कारभारात या काळी ॲरेमाइक भाषेचा वापर वाढला होता आणि चामड्यावर शाईने ॲरेमाइक लिहिणाऱ्या लेखनिकांचा ‘सेपीरू’ नावाचा वेगळा वर्ग होता. पश्चिमेकडील निर्वासितांना हा मार्ग सहज खुला होता. कीलाक्षर विद्या ही मात्र मुख्यतः जुन्या बॅबिलोनियन घराण्यांची मिरास राहिली.

नावांबाबतही त्यांनी विरोध केला नाही. चौघांच्याही मूळ नावांत ईश्वरवाचक पद आहे. दानिएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’, हनन्या म्हणजे ‘याहवेने कृपा केली’, मीशाएल म्हणजे ‘देवासमान कोण?’ आणि अजऱ्या म्हणजे ‘याहवेने साहाय्य केले’. नव्या नावांपैकी अबेद्‌नगो हे ‘नबूचा दास’ या अर्थाच्या नावाचे अपभ्रष्ट रूप असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बेल्टशस्सर या नावाचा संबंध ग्रंथातील नेबुकॅड्‌नेझर आपल्या बेल या देवाशी जोडतो. अक्कडियन भाषेच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ ‘त्याच्या जीविताचे रक्षण कर’ असा होतो. नाव बदलणे ही स्वामित्वाची खूण होती. ईजिप्तच्या राजाने एल्याकीमचे नाव यहोयाकीम केले, तर नेबुकॅड्‌नेझरने मत्तन्याला सिद्‌कीया या नावाने जुडाच्या गादीवर बसविले.

निर्वासितांनी या बाबतीत काय केले, यावर अल्-याहुदू या गावाच्या परिसरातील इष्टिकालेखांनी अनपेक्षित प्रकाश टाकला आहे. हे गाव निप्पूरच्या आसपासच्या ग्रामीण भागात असावे. त्याचे नावच ‘जुडाचे नगर’ असे आहे. सुमारे दोनशे लेखांचा हा समूह इ. स. पू. ५७२ ते ४७७ या काळातील असून त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत सारा, कर्ज, गुलाम, जव व खजूर यांचे व्यवहार नोंदलेले असून याहवेचे नाव गुंफलेली असंख्य व्यक्तिनामे आढळतात. त्यांतील एका माणसाचे नाव एका लेखात बेल-शर-उसुर, तर दुसऱ्यात याहू-शर-उसुर असे आले आहे. अर्थ अनुक्रमे ‘हे बेला, राजाचे रक्षण कर’ आणि ‘हे याहवे, राजाचे रक्षण कर’. देव बदलला, तरी राजनिष्ठा दोन्हींत कायम आहे. हा मनुष्य घरी कोणत्या नावाने ओळखला जात असेल, हे सांगण्याची गरज नाही. दानिएलची दोन नावे ही एका पिढीच्या सर्वसामान्य अनुभवाची खूण होती, असे या नोंदीवरून दिसते. पुढे जेरूसलेमला परतलेल्यांचा नेता जरुब्बाबेल याचे नावही ‘बॅबिलनचे बीज’ अशा अर्थाचे आहे.

भाषा, विद्या, नाव आणि नोकरी ही सर्व स्वीकारल्यानंतर चौघे अडले ते अन्नावर. राजाच्या अन्नाने व मद्याने आपण विटाळू, म्हणून केवळ शाकान्न व पाणी द्यावे, अशी विनंती दानिएलने केली. अश्पनज सहानुभूतीने वागला. पण मुले निस्तेज दिसली तर आपले शिर जाईल, ही त्याची भीती होती. तेव्हा दानिएलने देखरेख करणाऱ्या कारभाऱ्यापुढे दहा दिवसांच्या परीक्षेचा प्रस्ताव ठेवला आणि दहा दिवसांनी ते चौघे इतरांहून अधिक धष्टपुष्ट दिसले. या नकाराचे नेमके कारण काय, याबद्दल मतभेद आहेत. मोशेच्या धर्मशास्त्रात निषिद्ध प्राण्यांची यादी आहे, रक्त वर्ज्य आहे. परंतु मद्य सर्वसामान्य ज्यूला वर्ज्य नाही. अन्न व मद्य मूर्तींना अर्पण केलेले असावे, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. पण तो तर्क धान्य व भाज्यांनाही लागू पडेल. ग्रंथात राजान्नासाठी ‘पत्बग’ हा मूळचा इराणी शब्द योजला असून तो राजाने नेमून दिलेल्या वाट्याचा वाचक आहे. याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात राजाचे पत्बग खाणारेच त्याचा घात करतील असे वाक्य आहे. तेथे हे अन्न खाणे म्हणजे राजाचा अंकित असणे, असा अर्थ उघड आहे. प्रस्तुत लेखकास हेच स्पष्टीकरण अधिक पटते. शिध्याच्या याद्यांत ज्यांचे जीवन बंदिस्त झाले होते, अशा लोकांच्या वंशजांना हा नकार समजावून सांगावा लागला नसेल. विशेष म्हणजे त्यात कोठेही आव्हान नाही. विनंती, नम्रता, मधल्या अधिकाऱ्याच्या जिवाची काळजी आणि मुदतीचा करार, असे त्याचे स्वरूप आहे.

तिसऱ्या अध्यायातील प्रसंगात ही वाट उरत नाही. दूरा नावाच्या मैदानात राजाने साठ हात उंच व सहा हात रुंद अशी सुवर्णप्रतिमा उभारली आणि वाद्यांचा गजर होताच सर्वांनी तिला साष्टांग दंडवत घालावे, अशी आज्ञा केली. हनन्या, मीशाएल व अजऱ्या यांनी ती मानली नाही. दानिएल या प्रसंगी कोठे होता, हे कथेत सांगितलेले नाही. टीकाकारांनी त्याची अनेक समाधाने शोधली आहेत, पण तिघांची कथा मुळात स्वतंत्र होती असे मानणे अधिक सयुक्तिक होय. तिघांच्या उत्तरात या कथेचे सार आले आहे : आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवू शकतो, पण त्याने सोडविले नाही, तरी आम्ही या मूर्तीची पूजा करणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे त्यांची निष्ठा चमत्कारावर अवलंबून नव्हती. चमत्कार कथेत घडतो आणि तिघे भट्टीतून सुखरूप बाहेर येतात. परंतु यिर्मयाच्या ग्रंथात बॅबिलनच्या राजाने सिद्‌कीया व अहाब या दोन ज्यू भविष्यवाद्यांना आगीत भाजून मारल्याचा उल्लेख आहे. ते दोघे यिर्मयाच्या मते खोटे भविष्यवादी होते. निर्वासितांनी घरे बांधावीत, बागा लावाव्यात आणि ज्या नगरात नेले त्याचे कल्याण चिंतावे, असे यिर्मयाने पत्राने कळविले होते, त्याच पत्रात त्यांची ही गत वर्णिली आहे. भट्टीची कथा ऐकणाऱ्यांना न वाचलेल्यांचीही आठवण असली पाहिजे.

सहाव्या अध्यायात दानिएलची सत्त्वपरीक्षा येते. तीस दिवस राजाखेरीज कोणाकडेही याचना करू नये, असा हुकूम त्याच्या हेवेदावेखोर सहकाऱ्यांनी राजाकडून काढून घेतला. दानिएलने नित्याप्रमाणे जेरूसलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना केली आणि त्याला सिंहांच्या गुहेत टाकण्यात आले. ग्रंथातील कालानुक्रम धरला, तर या वेळी त्याचे वय ऐंशीच्या घरात असले पाहिजे. चित्रकारांनी मात्र त्याला बहुधा तरुणच रंगविले आहे.

या कथांचे ऐतिहासिक मूल्य ठरविताना अनेक अडचणी येतात. यहोयाकीमच्या तिसऱ्या वर्षी नेबुकॅड्‌नेझरने जेरूसलेमला वेढा दिला, या पहिल्याच वाक्याला बॅबिलोनियन बखरीचा आधार मिळत नाही. बॅबिलन जिंकून घेणारा म्हणून ज्या ‘मीड दरायस’चा उल्लेख येतो, तो इतिहासाला अज्ञात आहे; ते शहर इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने घेतले. बेलशस्सर याला ग्रंथ नेबुकॅड्‌नेझरचा पुत्र व राजा म्हणतो. एकेकाळी तो पूर्णतः काल्पनिक समजला जाई, पण एकोणिसाव्या शतकात वाचल्या गेलेल्या कीलाक्षर लेखांवरून तो शेवटचा राजा नॅबोनायडस (कार. इ. स. पू. ५५६–५३९) याचा मुलगा असल्याचे व बाप अरबस्तानातील तैमा येथे दहा वर्षे राहिला असता राज्यकारभार पाहत असल्याचे सिद्ध झाले. नेबुकॅड्‌नेझरच्या सात वर्षांच्या वेडाची चौथ्या अध्यायातील कथाही मूळ नॅबोनायडसविषयीची असावी. कुमरान येथे सापडलेल्या व १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ॲरेमाइक हस्तलिखितात तैमा येथे सात वर्षे व्याधिग्रस्त असलेल्या नॅबोनायडसला एका ज्यू द्रष्ट्याने मार्ग दाखविल्याची कथा आहे. लोकस्मृतीत फिके राजे विसरले जातात आणि त्यांच्या गोष्टी मोठ्या राजाच्या नावावर जमा होतात.

ग्रंथाची भाषाही बोलकी आहे. प्रारंभ व अखेर हिब्रूत, तर दुसऱ्या अध्यायातील चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंतचा भाग ॲरेमाइकमध्ये आहे. त्यात इराणी अधिकारपदांची नावे आणि तीन वाद्यांची ग्रीक नावे आढळतात. ख्रिस्ती धर्माचा विरोधक पॉर्फिरी याने तिसऱ्या शतकातच हा ग्रंथ सिरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायओकस एपिफेनीझ (कार. इ. स. पू. १७५–१६४) याच्या काळातील असल्याचे प्रतिपादन केले होते. आधुनिक संशोधक बव्हंशी त्याच निष्कर्षाला आले आहेत : दरबारकथा (अध्याय एक ते सहा) इराणी वा प्रारंभीच्या ग्रीक काळात रूढ झाल्या असाव्यात आणि त्यांना दृष्टान्तांचा भाग जोडून इ. स. पू. १६७–१६४ च्या सुमारास ग्रंथ पूर्ण झाला. अकराव्या अध्यायातील वर्णन अँटायओकसच्या मोहिमांपर्यंत बिनचूक आहे, त्याच्या मृत्यूचे स्थळ मात्र चुकले आहे. तो पॅलेस्टाइनमध्ये नव्हे, तर इराणमध्ये मरण पावला. परंपरानिष्ठ ज्यू व ख्रिस्ती विद्वान हा निष्कर्ष मान्य करीत नाहीत आणि ग्रंथ सहाव्या शतकातील दानिएलचाच मानतात. हिब्रू बायबलमध्ये त्याचा समावेश संदेष्ट्यांच्या ग्रंथांत नसून ‘लेखन’ या तिसऱ्या विभागात आहे, तर ख्रिस्ती बायबलमध्ये तो यहेज्केलनंतर संदेष्ट्यांत येतो.

अँटायओकसने ज्यूंचे धर्माचार बंद पाडण्याचा प्रयत्न केला, जेरूसलेमच्या मंदिरात परक्या देवतेची वेदी उभारली आणि निषिद्ध मांस खाण्याची सक्ती केली. अन्नाचा प्रश्न आता जिवाचा प्रश्न झाला. मॅकाबी बंधूंच्या उठावाचा वृत्तांत देणाऱ्या पहिल्या मॅकाबी ग्रंथात अनेकांनी विटाळण्याऐवजी मरण पतकरल्याचे सांगितले असून उठावाचा प्रवर्तक मत्तथिया हा मृत्युशय्येवर आपल्या मुलांना भट्टीतील तिघांची व सिंहांच्या गुहेतील दानिएलची आठवण देतो. दरबारी कौशल्याने संकटे टाळणाऱ्या तरुणांच्या कथा अशा रीतीने शस्त्र उचलणाऱ्यांच्या उपयोगी पडल्या; ग्रंथाच्या स्वतःच्या शिकवणीत मात्र शस्त्राला फारसे स्थान नाही.

ग्रीक भाषांतरात या ग्रंथाला सुसॅना, बेल व अजगर या कथा आणि भट्टीतील तिघांचे स्तोत्र यांची भर पडली. रोममधील प्रिसिला भुयारी दफनभूमीत भट्टीत हात पसरून उभ्या असलेल्या तिघांचे तिसऱ्या शतकातील भित्तिचित्र आहे. रोमन सम्राटाच्या पूजेस नकार देणाऱ्या ख्रिस्ती लोकांना हे तिघे जवळचे वाटले यात नवल नाही. रेम्ब्रँटचे ‘बेलशस्सरची मेजवानी’ हे चित्र (सु. १६३५–३८) आणि हँडलची बेलशस्सर (१७४५) ही संगीतरचना विख्यात आहेत. इराणमधील शूश (प्राचीन सूसा) येथे दानिएलची म्हणून दाखविली जाणारी कबर असून मुसलमानही तिला पवित्र मानतात.